भिंतीतली कॉइल आणि दारावरचा स्टिकर

आमच्या फ्रीजच्या दारावरचे स्टिकर मी अजून काढलेले नाहीत. एकावर ठळक अक्षरांत 'स्टॅबिलायझरची गरज नाही' आणि खाली १३५ ते २९० व्होल्ट. दुसरा गोल, सोनेरी: '१० वर्षांची वॉरंटी'. त्यातला 'कॉम्प्रेसरवर' हा शब्द इतका बारीक, की चष्मा लावूनही वाकावं लागतं. सून मे महिन्यात आली की दरवर्षी नखाने टोक उचलून बघते. "आई, वर्षानुवर्षं कागद चिकटवून ठेवतात का कुणी?" मी म्हणते, हात लावू नकोस. त्यातल्या एका स्टिकरने माझे ७,८०० रुपये वाचवलेत.

गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनींचं वॉशिंग मशीन चौदाव्या महिन्यात बंद पडलं. बोर्ड गेला म्हणे. "आता काय गो करायचं, वॉरंटी तर संपली," असं म्हणत त्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यांना तासभर जे सांगितलं, तेच इथे लिहिते आहे.

आधी जुन्या फ्रीजबद्दल, कारण त्याच्याशिवाय नव्याचा राग कळायचा नाही. १९९९ साली घेतलेला, एका दाराचा, १६५ लिटरचा. त्याच्या पाठीला काळी जाळी होती, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारी वळणावळणाची नळी, कॉइल. हात लावला तर गरम लागायची, पावसाळ्यात मी तिच्यावर नातवाची दुपटी वाळवलेली आहेत. आमचं घर आंजर्ल्याला, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. इथे खिडकीचे गज, सायकलची चेन, शिलाई मशीनची सुई, सगळ्यालाच खारी हवा खाते. म्हणून आमचे हे दर दोन वर्षांनी, दिवाळी झाली की, त्या जाळीला काळ्या ऑइलपेंटचा पातळ हात मारायचे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा स्वयंपाकघरावरची कौलं गेली आणि फ्रीज चिंब भिजला. वीज यायला महिना उलटून गेला. तोवर तो अंगणात पडलेल्या माडांशेजारी उन्हं खात उभा होता. वीज आल्यावर लावला तर सुरू! मार्च २०२२मध्ये कॉम्प्रेसर बसला तेव्हा त्याला तेवीस वर्षं झाली होती. मी त्याला हळद-कुंकू लावूनच भंगारवाल्याकडे दिला. हसायचं त्यांनी हसावं.

नवा घेतला गुढीपाडव्याला, २ एप्रिल २०२२. दापोलीतलं दुकान, दोन दारांचा, २६,५०० रुपये. दुकानदाराने लेटरपॅडवर रक्कम लिहून दिली आणि म्हणाला, "पक्कं बिल घेतलंत तर थोडं वाढेल, बघा." हे एसटीत कंडक्टर होते. म्हणाले, "तिकीट फाडल्याशिवाय आमची गाडी हलत नसे." बिल घेतलं, आणि वाढलं काही नाही. बिल नाकारणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' धरली आहे, हे मला नंतर कळलं. गल्ल्यामागे 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी होती. दोष असलेला माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हेही त्याच यादीत आहे. दोषी मालापुढे त्या पाटीला काही अर्थ नाही, पण लटकतात त्या सगळीकडे.

बिल पातळ, गुळगुळीत कागदाचं. आमच्या दमट हवेत त्यावरची शाई पुसायला लागली, म्हणून यांनी मोठ्या काळजीने ते लॅमिनेट करून आणलं. मशीनमधून बाहेर आलं ते पाटीसारखं काळंकुट्ट. असल्या कागदाला गरम लागलं की तो काळाच पडतो. नशीब, घेतलं त्याच दिवशी मी मोबाइलवर फोटो काढून मुलाला पाठवला होता. वहिनींना पहिलं हेच सांगितलं: बिलाचा फोटो, वॉरंटी कार्डाचा फोटो आणि मागच्या पत्र्यावरच्या नंबराचा फोटो.

२९ ऑगस्ट २०२३, नारळी पौर्णिमेचा आदला दिवस. नारळीभातासाठी काढून ठेवलेला खोबऱ्याचा चव आंबट लागला. मग दूध नासलं. बर्फाच्या ट्रेमध्ये पाणी. कॉम्प्रेसर मात्र अखंड घुरघुरत होता. त्या वर्षी अधिक श्रावण होता, दोन महिने घरात मासळी नव्हती, म्हणून वास तरी सुटला नाही. फ्रीजला पुरते सतरा महिनेही झाले नव्हते आणि वॉरंटी बाराचीच.

आमचा नेहमीचा मिस्त्री आला. दोन्ही बाजूंना हात लावून म्हणाला, "काकी, गार आहे. गॅस गेला." आताच्या फ्रीजना ती काळी जाळी नसते, हे मला तेव्हा समजलं. तीच नळी दोन्ही बाजूंच्या भिंतींत, पत्र्याच्या आत चिकटवून वर फोम भरलेला असतो. म्हणून चालू फ्रीजच्या बाजू कोमट लागतात. दिसायला पाठ सपाट आणि देखणी, पण नळीला भोक पडलं तर ते फोमच्या आत. ना दिसतं, ना डाग देता येतो. शिवाय गॅस जुना नाही. पत्र्यावर आर-६००ए लिहिलेलं असतं. म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा. मोजक्या ग्रॅमचा, पण ज्योत लावायची म्हणजे माहीतगार हात हवा. मिस्त्री प्रामाणिक. म्हणाला, "मी पाइप कापला, की कंपनी माझ्या नावाने हात झटकेल. आधी त्यांना बोलवा." हा सल्ला सोन्यासारखा होता. बाहेरच्या माणसाने आतली नळी उघडली, की पुढचं सगळं भांडण 'तुम्हीच छेडछाड केलीत' यावर जाऊन अडकतं.

कंपनीचा माणूस आठवड्याने आला. चिपळूणहून, मोटरसायकलवर, पावसात भिजून. बिचाऱ्याला चहा दिला, टॉवेल दिला. दहा मिनिटांत त्याने बघून घेतलं आणि मोबाइलवर इंग्रजीत टाइप करून सही मागितली. मी म्हटलं, वाचून दाखव. गॅस गळती, खाऱ्या हवेचा भाग, व्होल्टेज कमी-जास्त, आणि शेवटी 'कमर्शिअल यूज'. बाहेरून जाळी बसवायचे आणि गॅस भरायचे मिळून ७,८००.

कमर्शिअल कशावरून? तर दाराच्या कप्प्यात कोकम आगळाच्या दोन बाटल्या. मी आगळ, आंबापोळी, लोणचं करून विकते आणि गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते, हे खरं. पण आगळाला फ्रीज लागतच नाही, त्यात मीठच एवढं असतं. त्या दोन बाटल्या यांच्या. यांना सोलकढी गार लागते. एका माणसाच्या जिभेपायी माझा फ्रीज कारखान्याचा ठरत होता!

मी सही केली नाही. तो म्हणाला, "काकी, सही नाही केलीत तर माझी कंप्लेंट बंद होत नाही." मी म्हटलं, बाळा, माझाही फ्रीज बंदच आहे. शेवटी त्याच्या छापील पावतीवर मराठीत लिहिलं: 'कारणे मान्य नाहीत. व्होल्टेज मोजलेले नाही. गळती कुठे आहे ते तपासलेले नाही.' खाली सही, तारीख, आणि त्या पावतीचा फोटो. सबंध प्रकरणात मी केलेलं शहाणपणाचं काम एवढंच. बाकी सगळं दुसऱ्यांनी सांगितलं म्हणून केलं. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाने लिहिलेला तो कागद पुढे सगळीकडे जातो. मुंबईत, गुरगावात बसलेल्या कुणाला आपला फ्रीज दिसत नाही, तो कागद दिसतो. आणि आपण तर माणूस दारात ताटकळलाय म्हणून, भिजलाय म्हणून, न वाचता सही करून टाकतो.

कस्टमर केअरची कथा थोडक्यात सांगते, कारण ती सगळ्यांची सारखीच असते. मुदत संपली आहे, वाढीव वॉरंटी घ्यायला हवी होती, तुमचा दिवस शुभ असो.

गणपती १९ सप्टेंबरला. मोदकांच्या ऑर्डरी घेतलेल्या. खाडीपलीकडे हर्णै बंदर, तिथून बर्फ आणता येतो, यांनी थर्माकोलच्या पेटीतून आणलाही. पेटीला बांगड्याचा वास. त्यात नैवेद्याचं दूध कसं ठेवणार? शेवटी तीन घरांच्या फ्रीजमध्ये माझा चव, माझं दूध, माझं लोणी. सकाळी उठून मी आळीभर दूध गोळा करत फिरायची, गवळणीच्या उलट.

गणपतीत आमच्याकडे आरतीला एक निवृत्त मास्तर येतात. ग्राहकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या ग्राहक पंचायत या संघटनेचं काम त्यांनी पुष्कळ वर्षं केलं आहे. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली, म्हणजे १९८६चा पहिला ग्राहक कायदा येण्याच्या बारा वर्षं आधी, हे ते प्रत्येक आरतीनंतर सांगतात. त्या दिवशी पहिल्यांदाच मी ते लक्ष देऊन ऐकलं. खिरापत खाता खाता त्यांनी विचारलं, "वॉरंटी संपली म्हणजे काय संपलं?" मी म्हटलं, हक्क. ते म्हणाले, "चूक. कंपनीने आपणहून दिलेलं वचन संपलं. कायदा संपला नाही."

त्यांनी समजावलं ते असं. वस्तूच मुळात सदोष निघाली, तर ग्राहक कायद्याखाली तक्रार करता येते. वॉरंटी कार्ड हा एक आधार आहे, एकमेव नाही. मालविक्रीचा १९३०चा जुना कायदाही वस्तू तिच्या कामाला योग्य असली पाहिजे असं गृहीत धरतो. मात्र मुदतीनंतर दोष मुळातला होता हे दाखवायचं ओझं आपल्यावर येतं. 'मला वाटतं' चालत नाही, तपासणी लागते. ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचं कोर्ट, वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण तिची फी आधी तक्रारदारालाच भरावी लागते. हे ऐकून माझा अर्धा जोर ओसरला होता, खोटं कशाला सांगू.

उरलेला अर्धा दोन गोष्टींनी टिकला. एक म्हणजे तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते. जुन्या कायद्यात कंपनीचं ऑफिस किंवा शाखा कुठे, व्यवहार कुठे झाला, ते बघावं लागे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं. आम्हाला रत्नागिरी. एसटीने चार-साडेचार तास, पण दिल्लीपेक्षा बरं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. तेव्हा त्यासाठी ई-दाखिल होतं, २०२५ पासून ई-जागृती आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायद्यात लिहिलंय. मास्तर यावर नुसते हसले.

दुसरी गोष्ट म्हणजे ते 'कमर्शिअल'. व्यापारी कारणासाठी वस्तू घेतली तर कायद्याच्या लेखी तुम्ही ग्राहक नाही, हे खरं. पण त्याच व्याख्येखाली खुलासा आहे: केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी धरायची नाही. माझा फ्रीज तर मुळात घरचाच. पण उद्या एखादीने खास मोदकांसाठी डीप फ्रीझर घेतला, तरी ती ग्राहकच. इकडे घरोघरी बायका काही ना काही करून विकतात. या खुलाशाची ओळ प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात चिकटवून ठेवायला हवी, गॅसच्या नंबराशेजारी.

आधी १९१५ला फोन लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला. ते कोर्ट नाही, ते तुमची तक्रार कंपनीपुढे ठेवतात. कंपनीने बारा दिवसांनी 'वॉरंटी बाहेर, ग्राहकास कळवले' असं लिहून मोकळं केलं. हे चिडले. मास्तर खूश! म्हणाले, "आता त्यांचं उत्तर लेखी आलं."

मग ऑक्टोबरमध्ये नोटीस. ती सक्तीची नाही, पण तिने पुष्कळदा काम होतं. वकिली भाषेतला पहिला खर्डा मी फाडला आणि साधं पत्र लिहिलं, कंपनीला आणि दुकानदारालाही. दीड पान. त्यात तीन प्रश्न होते.

तुमच्याच दारावर १३५ ते २९० व्होल्ट लिहिलंय. तुमच्या माणसाने व्होल्टेज न मोजता ते कारण लिहिलं. मग खोटं काय, स्टिकर की पावती?

दापोली तालुका समुद्राकाठी आहे हे विकताना तुम्हाला माहीत होतं. खारी हवा चालत नसेल, तर हे बिल फाडण्याआधी का नाही सांगितलं? कार्डाच्या मागच्या पानावर मुंगीच्या अक्षरात 'हवामानामुळे येणारा गंज वगळून' आहे, पण ते कार्ड खोक्याच्या आत होतं आणि खोकं घरी आल्यावर उघडलं.

आणि गळती भिंतीत असेल, तर तिथे मी काय निष्काळजीपणा केला? तिथे माझा हात पोचतो का?

गंज बाहेरून आत गेला की नळीच मुळात कच्ची होती, हे मला ठरवता येणार नव्हतं. मिस्त्री म्हणतो, जिथे सांधा असतो तिथेच बहुधा सुरुवात होते. म्हणून 'नळी खराब होती' असं ठामपणे लिहायचं मी टाळलं. नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधा आणि लेखी द्या, एवढंच मागितलं. पंधरा दिवसांत उत्तर नाही तर जिल्हा आयोग. सोबत बिल, पावती, स्टिकरचा फोटो आणि १९१५चा क्रमांक. रजिस्टर एडीने पाठवलं, पोचपावत्या यांच्या जुन्या तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या. (२०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलं आहे, पण पोचपावती मागून घ्याच.)

चौदाव्या दिवशी फोन आला. आवाज एकदम गोड. दिवाळीनंतर मोठा इंजिनिअर आला, सिलिंडर आणि घड्याळं घेऊन. भिंतीतल्या नळीचं एक टोक बंद करून दाब दिला आणि आम्ही चौघं त्या काट्याकडे बघत बसलो, जणू निवडणुकीचा निकाल. काटा सावकाश खाली आला. बर्फाच्या कप्प्याकडची बाजू टिकली. म्हणजे गळती भिंतीतच. हे त्याने लिहून दिलं, या खेपेला मराठीत.

मला नवा फ्रीज हवा होता. कंपनीने देऊ केलं ते असं: बाहेरून नवी जाळी, नवा गॅस, सगळं फुकट, 'सद्भावनेपोटी'. या शब्दावर मी एक रात्र धुमसले. चूक झाली म्हणायचं नाही, वर दानाचा आव. मास्तर म्हणाले, आयोगाकडे गेलीस तर कदाचित पूर्ण पैसेही मिळतील, कदाचित नाही. पण एक-दोन वर्षं जातील आणि तोवर फ्रीज तसाच ठेवावा लागेल. मला पुढच्या मोसमात आमरस करायचा होता. मी 'हो' म्हटलं. पण 'पूर्ण समाधान झाले, यापुढे कोणतीही तक्रार नाही' असा कागद पुढे आला, तेव्हा दुसरं वाक्य खोडायला लावलं आणि नव्या कामावर एक वर्षाची वॉरंटी लिहून घेतली. हे म्हणतात आपण जिंकलो. मला तसं वाटत नाही. तीन महिने मी लोकांच्या फ्रीजमधून दूध आणलं, त्याचं कुणी काही दिलं नाही.

वहिनींचा बोर्ड अजून तसाच आहे, पण काल कंपनीचा माणूस आला तेव्हा त्यांनी मला हाक मारली, आणि पावती आम्ही दोघींनी मिळून वाचली. त्यावर 'उंदराने वायर कुरतडली' असं होतं. मशीन खालून उघडून वायरी मोजल्या. सगळ्या शाबूत. त्याने ते खोडलं.

आणि आमच्या फ्रीजच्या सपाट, देखण्या पाठीला आता पुन्हा काळी जाळी आहे. अगदी जुन्यासारखी, गरम लागणारी. ती लागली त्याच आठवड्यात हे दापोलीहून ऑइलपेंटचा छोटा डबा आणि ब्रश घेऊन आले. मी ब्रश काढून घेतला. म्हटलं, थांबा, रंग लावला तर वर्षाची वॉरंटी जाईल का, ते आधी त्या इंजिनिअरकडून लेखी घ्या.